रुग्णालयाचे खरे माप

रुग्णाला रुग्णालयातून घरी जाण्याची मोकळीक मिळाली, की आपल्याकडे 'सुट्टी झाली' असे म्हणतात. शब्द आनंदाचा खरा. परंतु काहीसा फसवा आहे. शाळेला सुट्टी लागली म्हणजे अभ्यास थांबतो. रुग्णालयातून सुट्टी मिळाली म्हणजे उपचार थांबत नाहीत. ते डॉक्टरांच्या हातून घरच्या माणसांच्या हाती येतात, एवढेच.

१९२४ सालच्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातील बंदी होते. ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना बंधमुक्त केले. तथापि ते रुग्णालयातून बाहेर पडले ते मार्च महिन्यात, आणि त्यानंतरही विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी जाऊन राहिले. तुरुंगातून सुटका सरकारी हुकुमाने होते. रुग्णालयातून सुटका मात्र जखमेला विचारून करावी लागते.

हीच गोष्ट रोहण्याच्या एखाद्या रुग्णाच्या बाबतीत पाहावी. रोहणा हे वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील गाव. मोठे दुखणे उद्भवले, की तेथील माणसाला वर्धा किंवा सेवाग्राम गाठावे लागते. पूर्वी पुलगाव-आर्वी मार्गावरील छोटी आगगाडी रोहण्यास थांबत असे. ती बंद पडल्यापासून सारी भिस्त मोटारीवर. शस्त्रक्रिया झालेला शेतकरी 'प्रकृतीत सुधारणा' असा शेरा घेऊन परततो आणि रुग्णालयाच्या दप्तरातील त्याचे पान मिटते. चौथ्या दिवशी टाक्यांतून पू आला, अथवा जुनी गोळी व नवी गोळी ही एकाच औषधाची दोन नावे आहेत हे न कळल्यामुळे दोन्ही पोटात गेल्या, तर त्या दप्तराला त्याची वार्ताही नसते.

बोस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी नेमके या मिटलेल्या पानावर बोट ठेवले. प्रत्येक रुग्णाची स्थिती वर्षभराने पुन्हा तपासावी, उपचार फसला असल्यास त्याचे कारण लिहावे आणि ते सर्वांस वाचू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका उघडपणे कबूल केल्या. व्यवसायबंधूंना हे रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

अमेरिकेत २०१२ पासून, काही ठरावीक आजारांचे रुग्ण तीस दिवसांच्या आत प्रमाणाबाहेर परत दाखल झाल्यास रुग्णालयांचे पैसे कापले जाऊ लागले. हे माप सोयीचे, पण अपुरे. जो परत आला नाही तो बरा झाला असेल, दुसरीकडे गेला असेल, किंवा मोटारभाड्याला पैसे नाहीत म्हणून खाटेवर पडून असेल. दूरच्या गावाच्या बाबतीत हा तिसरा संभव विसरून चालत नाही.

म्हणून पाठवणी करतानाच पुष्कळसे काम व्हावे लागते. कोणती औषधे चालू ठेवावयाची आणि कोणती बंद, हे रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावे. ताप, धाप वा रक्तस्राव दिसल्यास कोठे जावयाचे, हेही सांगावे. 'समजले ना?' असे विचारण्यात अर्थ नाही. डॉक्टरांपुढे रुग्ण 'हो जी' म्हणतोच. 'घरी गोळ्या कशा घ्याल, सांगा पाहू', असे विचारले म्हणजे खरे काय ते कळते.

घरी जाऊन पाहण्याची रीत आपल्याकडे नवजात बालकांपुरती रुजली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रियांकडून बालकांची घरोघर देखभाल करविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ साली ही पद्धत देशभर सरकारी योजनेत आली. रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे, बाळाचे वजन करावयाचे, ते दूध नीट ओढते की नाही हे पाहावयाचे, असा नेम आहे. त्याच आळीत टाके घेऊन परतलेल्या म्हाताऱ्यासाठी मात्र अशा तारखा अद्याप कोणी ठरविलेल्या नाहीत.