आधी पहारा, मग दार

फौजेत आम्ही पहारेकरी आधी उभा करायचो, दार मग उघडायचो. पुतणीच्या प्रयोगशाळेत हाच नियम पुन्हा भेटला. यकृताच्या नमुन्यात तिला हवं ते प्रथिन अखंड सापडेचना, नुसते तुकडे.

पेशीत प्रथिनं कापणारी विकरं असतात, त्यांना प्रोटिएज म्हणतात. त्यातली बरीचशी लायसोसोम नावाच्या पिशव्यांत बंद असतात. पेशी फोडली की पिशव्याही फुटतात आणि कापाकापी सुरू होते. म्हणून नमुना बर्फावर ठेवतात आणि द्रावणात रोधकं घालतात. एकाने भागत नाही. पीएमएसएफ सेरीन गटाला अडवतं, पेप्स्टॅटिन अस्पार्टिक गटाला. काही विकरं धातूवर चालतात, त्यांचा धातूच ईडीटीए पकडून ठेवतं.

पुतणीनं सगळं घातलं होतं. पण पीएमएसएफ पाण्यातल्या द्रावणात मिसळलं सकाळी, पेशी फोडल्या दुपारी. पीएच ८ आणि २५ अंश सेल्सिअसला ते साधारण ३५ मिनिटांत निम्मं होतं. पहारेकरी केव्हाच गळाला होता!

आता ती आयसोप्रोपॅनॉलमधला साठा ऐनवेळी घालते, तोही हातमोजे चढवून, कारण पीएमएसएफ विषारी आहे. तुमच्या घरचं कोणी प्रयोगशाळेत असेल तर एवढं विचाराच: रोधक नेमकं केव्हा घातलंस?