टाकीच्या तोंडाशी

सकाळचे आठ वाजलेत, पण ऊन आताच चटका देतंय. मे महिना. कोकणातल्या एका रासायनिक एमआयडीसीतल्या कारखान्याचं गेट. कंत्राटी कामगारांची रांग कुंपणाच्या सावलीला धरून उभी आहे. सावली जेमतेम हातभर. रांगेत सोलापूरकडची मराठी ऐकू येते, ओडिया येते, भोजपुरी येते. रखवालदार एकेकाचे खिसे तपासतो. मोबाइल, काडेपेटी, बिडीचं बंडल खणात जातं. तंबाखूच्या पुडीवरून थोडी हुज्जत होते. तीही खणात जाते.

आजचं काम ईटीपीत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागात आहे. सांडपाण्याची जमिनीखालची टाकी पावसाच्या आत साफ करायची आहे. वरचं पाणी पंपाने काढून झालंय. तळाशी वर्षभराचा गाळ आहे, तो इतका घट्ट की पंप ओढत नाही. तिथे माणूसच उतरणार.

सेफ्टी रूममध्ये चार्जरच्या ओळीत पिवळे गॅस डिटेक्टर टांगलेत. तळहातात मावेल एवढं यंत्र चार गोष्टी मोजतं: ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. सेफ्टी ऑफिसर मॅडम ते बाहेर मोकळ्या हवेत नेऊन चालू करतात. मग प्रत्येकाला एका छोट्या सिलिंडरची नळी लावतात. सिलिंडरमध्ये ठरलेल्या मापाचं वायूंचं मिश्रण आहे. ते यंत्राला ओळखता येतं का, एवढंच पाहायचं. याला बंप टेस्ट म्हणतात. लाल दिवा लुकलुकतो, यंत्र थरथरतं, कर्कश ओरडतं. दुसरं ओरडतं. तिसरं ओरडतं. चौथं गप्प. बॅटरी भरलेली, पडद्यावर आकडे ठीकठाक, पण वायू दिला तरी हूं की चूं नाही. मॅडम त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवतात. आतले सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतात. कपाटात पडून राहिले तरी थकतात.

‘पडदा उजळला म्हणजे यंत्र चांगलं, असं समजायचं नाही,’ त्या शिकाऊ मुलाला सांगतात. मुलगा वहीत वेळ लिहितो.

ईटीपी कारखान्याच्या पार टोकाला. वाटेत वाफेच्या पाइपांची फुसफुस, फोर्कलिफ्टचा भोंगा, पायाखाली तापलेलं डांबर. छपरावरचा विंडसॉक मलूल लोंबतोय. वारा नाही, म्हणजे जे बाहेर पडेल ते इथेच रेंगाळणार. वळणाशी वास येतो. सडक्या अंड्यांचा. हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसला तरी नाकाला कळतो. शंभरच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास जातो, वायू तिथेच असतो. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजारावर एखाद-दोन श्वास पुरतात. ‘आता वास येत नाही, उतरू या’ यापेक्षा घातक वाक्य इथे दुसरं नाही.

टाकी म्हणजे वरून पाहता नुसता काँक्रीटचा चौथरा. त्यात दोन मॅनहोल. त्यांतून एका माणसाचे खांदे कसेबसे जातील. टाकीत येणाऱ्या पाइपांवर ब्लाइंड प्लेट बसवल्यात. व्हॉल्व्हला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली फिटरच्या खिशात. पंपाचे फ्यूज काढलेत. मॅनहोलवर तिपाई उभी आहे, तिला विंच, विंचला तारेचा दोर. बाजूला ब्लोअर. त्याची जाड पिवळी पाइप टाकीत शिरलीय.

तिपाईशी होल वॉचर बसलेत. पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. कोण आत गेला, कधी गेला, हवा काय आहे, हे बघणं एवढंच त्यांचं काम. तिथून हलायचं नाही. दुसरं कुणी जागेवर आल्याशिवाय पाणी प्यायलाही उठायचं नाही.

मॅडमच्या हातात परमिट आहे. अशा टाकीत शिरण्याबद्दलचा नियम 1948 च्या कारखाने कायद्याच्या 36 व्या कलमाने घालून दिला. जाणत्या माणसाने स्वतः हवा तपासून, ती सुरक्षित आहे असं लिहून द्यायचं. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि कमरपट्टा द्यायचा, पट्ट्याला दोर बांधायचा. त्या दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाने धरायचं, हेही त्या कलमातलंच. इथे दोन्ही करायचं ठरलंय. गाळाचा भरवसा नाही.

डिटेक्टरची नळी आत सोडली जाते. आधी वरच्या थरात, मग मध्ये, मग तळाशी. मिथेन हवेहून हलका, वर साठतो. हायड्रोजन सल्फाइड जड, खाली बसतो. एका जागी मोजून टाकी कळत नाही. नळीतून हवा वर यायला वेळ लागतो, सेन्सरला ती ओळखायला आणखी वेळ. म्हणून प्रत्येक थराला पूर्ण दोन मिनिटं. कुणी बोलत नाही. डिटेक्टरच्या पंपाची बारीक घरघर तेवढी. आधी ऑक्सिजन बघायचा, कारण तोच कमी असेल तर पेट घेणाऱ्या वायूचा आकडाही खोटा येतो.

वर ऑक्सिजन 20.7 टक्के. मध्ये 20.1. तळाशी 19.2, आणि हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत 14. यंत्र किंचाळतं.

शिकाऊ मुलगा म्हणतो, ‘वरचा 20.7 तर चांगलाच आहे ना, मॅडम?’

‘मोकळ्या हवेत 20.9 असतो. एका दशांशाने जरी उतरला, तरी हवेचा जवळपास अर्धा टक्का दुसऱ्या कशाने तरी घेतलाय. अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार. ते दुसरं काय आहे, ते आधी विचारायचं.’

यंत्र 19.5 च्या खाली ओरडतं. पण मॅडमचे कान त्याच्या आधीच टवकारलेले असतात.

ब्लोअर सुरू होतो. आता थांबायचं. अर्धा तास, कदाचित जास्त. माणसं पाइपरॅकच्या सावलीत टेकतात. पत्र्याच्या पिंपातलं लिंबू-मिठाचं पाणी फिरतं. घाम मानेवरून पाठीत उतरतो. ठेकेदाराचा सुपरवायझर घड्याळ बघतो, थोड्या वेळाने पुन्हा बघतो. काम ठरावीक रकमेवर घेतलंय, दिवस लांबला की पैसा त्याच्या खिशातून जातो. या दिवसभरातलं सगळ्यांत अवघड काम हेच असावं. हात रिकामे, समोर उघडं तोंड, आणि काही करायचं नाही.

सोलापूरकडचा एक जण सांगतो, ‘आमच्याकडं हिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतेत. इझला की उतरायचं न्हाई.’

काका मान हलवतात. ‘कंदील सोळा-सतरा टक्क्यांना विझतो. त्याच्या आधीच हवा बिघडलेली असते. आणि या वासाच्या गॅसचं तो काहीच सांगत नाही. आत मिथेन असेल, तर तोच भडका उडवेल.’

माणूस गप्प होतो. मग हळूच म्हणतो, ‘गावात दोघं गेले. एकामागं एक.’

कुणी काही विचारत नाही. विचारायची गरजही नसते. विहीर, सोसायटीचा सेप्टिक टँक, गटार, सगळीकडे ही हवा तीच. संरक्षणाची साधनं न देता गटारात नि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने मनाई केलीय. तरी तिथे उतरणाऱ्याच्या छातीवर हे पिवळं यंत्र क्वचितच दिसतं. कंपनीच्या हजेरीपटावर नाव असो वा नसो, श्वास दोघांचा सारखाच. यंत्रही दोघांना सारखंच मिळायला हवं.

दुसऱ्यांदा नळी आत जाते. वर 20.9. मध्ये 20.9. तळाशी 20.9. बाकी तिन्ही शून्य. वेळ लिहिली जाते. सह्या होतात.

आता कपडे. पीव्हीसीचा सूट, गमबूट, जाड हातमोजे, हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट. छाती-मांड्यांवरून आवळलेला हार्नेस, त्याची कडी पाठीवर. पहिला उतरणारा सकाळीच गुळगुळीत दाढी करून आलाय. मॅडम तरीही त्याच्या गालावरून नजर फिरवतात. दोन दिवसांचे खुंटही मुखवटा चेहऱ्याला चिकटू देत नाहीत, आणि फट राहिली की हवा आत येते. तो मुखवटा चढवतो, पट्टे आवळतो. हवेचं तोंड तळहाताने दाबून आत श्वास ओढतो. मुखवटा गालांना चिकटून बसतो. अंगठा वर.

मुखवट्याला लांब नळी आहे. ती ट्रॉलीवरच्या श्वसन हवेच्या सिलिंडरांना जोडलीय. प्लांटच्या कॉम्प्रेसरची हवा इथे चालत नाही, तिच्यात तेल असू शकतं, कार्बन मोनॉक्साइडही. शेजारून नायट्रोजनची लाइन जाते. श्वासाची नळी चुकून तिला जोडल्याने जगात माणसं मेलीत, म्हणून इथे दोन्हीचे कपलिंग एकमेकांत बसतच नाहीत. सुपरवायझर विचारतो, साधा फिल्टरचा मास्क चालणार नाही का? हलका असतो, माणसाला त्रास कमी.

‘फिल्टर हवा गाळतो, हवा बनवत नाही,’ मॅडम म्हणतात. ‘आत ऑक्सिजनच नसला तर गाळणार काय?’

डिटेक्टर छातीवर, तोंडापासून वीतभर खाली. 24 व्होल्टचा हँडलॅम्प आत सोडलाय. विंच कुरकुरते. गमबूट दिसेनासे होतात, मग हेल्मेट. खालून फावड्याचा चपचपीत आवाज. बादली वर येते. काळी, जड. दुसरी येते. काकांचा एक हात दोरावर आहे. दुसऱ्या हातात तळाची हवा ओढणारं यंत्र. डोळे पडद्यावर.

पाचवी बादली. 0. सहावी. 3. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू सुटतो. जो आकडा सह्या करताना शून्य होता, तो फावड्यागणिक बदलतो. 5. 8.

11.

दोन्ही यंत्रं एकदम ओरडतात, वर आणि खाली. काका दोराला तीन हिसके देतात. ही इथली ठरलेली खूण. फावडं तिथेच टाकायचं, वर यायचं. तिपाईवरचे दोघे विंच फिरवतात. हेल्मेट दिसतं, खांदे दिसतात. वर आल्यावर मुखवटा निघतो. चेहरा लालभडक, सूटच्या आत घामाची धार. पण तो ठीक आहे. हसतो, पाणी मागतो. ब्लोअरची पाइप गाळाच्या आणखी जवळ सरकवली जाते.

तो खाली असताना एक तरुण साथीदार मॅनहोलकडे झेपावला होता. काकांनी त्याला आडवा हात घातला होता. आता ते त्याला शेजारी बसवतात.

‘पोरा, तो खाली पडला असता तर काय केलं असतंस?’

‘उतरलो असतो, काका.’

‘तेच नाही करायचं. ओरडायचं, विंच फिरवायची, श्वसनयंत्रवाल्यांना बोलवायचं. तू तसाच उतरलास तर मला दोघांना काढायचंय.’

अमेरिकी सरकारने 1986 मध्ये काढलेल्या एका इशाऱ्यात म्हटलंय की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला धावलेले असतात. भाऊ, मित्र, मुकादम. भित्रे नव्हते ते, म्हणूनच गेले. तिपाई, विंच, पाठीवरची कडी हे सगळं त्यासाठी आहे. बाहेरच्या माणसाला आत न शिरता आतल्याला ओढून घेता यावं.

जेवणाची सुट्टी होते. डबे उघडतात. भाकरी, भात, कांदा, सुकटीची चटणी. पाऊण तासाने सगळे परत चौथऱ्यापाशी येतात. ऊन आता डोक्यावर आहे. सुपरवायझर पुढचा माणूस हार्नेस घालून तयार ठेवतो.

‘काका, सकाळी सगळं शून्य होतं. ब्लोअरपण चालूच आहे. परत मोजत बसलो तर अर्धा तास जाईल.’

‘सकाळचा आकडा सकाळपुरता. वर्षभर बसलाय गाळ, अर्ध्या तासात पळून जाणार नाही. नळी सोडा.’

वर दोन मिनिटं. मध्ये दोन मिनिटं. तळाशी दोन मिनिटं. परमिटवर नवी ओळ भरली जाते: ऑक्सिजन 20.8, हायड्रोजन सल्फाइड 6. सुपरवायझर पडद्यावर वाकतो, आकडा वाचतो. हार्नेस घातलेल्या माणसाला तो सावलीत जाऊन बसायला सांगतो, आणि ब्लोअरची पाइप आणखी खाली सोडायला स्वतः हात लावतो.