‘बॅरेज’ : एका लष्करी संज्ञेचा अर्थ आणि वापर

युद्धेतिहासाच्या मराठी लेखनात ‘बॅरेज’ या संज्ञेसाठी ‘भडिमार’ हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. भडिमार या शब्दातून माऱ्याची तीव्रता व्यक्त होते; तो मारा कोठे व कशासाठी केला जातो, याचा बोध मात्र होत नाही. वस्तुतः संज्ञेचा गाभा तेथेच आहे.

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ अडथळा अथवा बांध असा आहे. तापी नदीवरील प्रकाशा व सारंगखेडा येथील बॅरेज म्हणजे हाच शब्द होय. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) तोफगोळे एका आडव्या रेषेत सतत पाडून शत्रूची वाट अडविली जाई. पुढे हीच रेषा आपल्या पायदळाच्या पुढे ठरलेल्या वेळापत्रकानुसार सरकविण्याचे तंत्र विकसित झाले. यात शत्रूला ठार करण्यापेक्षा सैनिक जवळ पोहोचेपर्यंत त्याला खंदकातून डोके वर काढू न देणे, हा हेतू प्रधान होता.

सोमच्या लढाईत हा भेद ठळकपणे दिसतो. २४ जून १९१६ पासून ब्रिटिश तोफांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. भडिमार म्हणून तो प्रचंडच होता. तरीही १ जुलै रोजी ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक हताहत झाले. पैकी १९,२४० मृत्युमुखी पडले. अनेक गोळे फुटलेच नाहीत, तारांची कुंपणे शाबूत राहिली आणि जर्मन सैनिक खोल भुयारांत सुरक्षित होते. अनेक ठिकाणी तोफांचा मारा वेळापत्रकाप्रमाणे पुढे गेला, पायदळ मागेच राहिले आणि मधल्या अवधीत जर्मन मशीनगन वर आल्या. याउलट, ९ एप्रिल १९१७ रोजी व्हिमी येथे कॅनडाच्या सैन्याने दर ३ मिनिटांना १०० यार्ड सरकणाऱ्या माऱ्यामागून चालण्याचा आधी कसून सराव केला होता. त्या टेकडीचा बहुतांश भाग त्याच दिवशी हाती आला.

मराठीत ‘सरबत्ती’ हा शब्दही मूळचा तोफा-बंदुकांचाच. आता तो बहुधा प्रश्नांपुरता उरला आहे. ‘प्रश्नांचा भडिमार’ हा प्रयोगही रूढ असून त्यास हरकत नाही. परंतु सोमचे वर्णन करताना आधीच्या सात दिवसांचा मारा आणि पायदळापुढे सरकणारी रेषा या दोहोंना भडिमार म्हटल्यास विद्यार्थ्याला त्या दिवशीच्या संहाराचे कारणच उमगणार नाही. ‘अग्निबांध’ असा शब्द घडविता येईल, पण तो काहीसा कृत्रिम वाटतो. त्यापेक्षा पहिल्यास भडिमार म्हणावे व दुसऱ्यासाठी, पाटबंधाऱ्यांमुळे परिचित झालेला बॅरेज हाच शब्द ठेवावा, हे अधिक सोयीचे.