मुखडा आणि गिटार

मुंबईच्या रॉकचा इतिहास आजवर बहुतेक मैफलींचा इतिहास म्हणूनच सांगितला गेला. धोबीतलावचं रंगभवन, 1986पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’, 2010मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘एनएच7 वीकेंडर’. जो तिथे हजर होता, त्यालाच बोलण्याचा अधिकार. रेल्वेने पावणेसहाशे किलोमीटरवर असलेल्या अकोल्यात, जठारपेठेत बसून ऐकणाऱ्याच्या हाती मात्र अल्बम तेवढे येतात, तेही आता मोबाइलवर. ही उणीव समजली जाते. मला ती सोय वाटते. गर्दी, दिवे आणि भिंतीएवढे स्पीकर वजा केले की गाण्यात काय उरतं, ते अल्बमच सांगतो. यंदा हे अल्बम लागोपाठ ऐकताना माझं मत पक्कं होत गेलं, की दणका मैफलीच्या जागीच संपतो आणि दूरवर पोहोचतो तो मुखडा.

पॉवर पॉपचा सगळा व्यवहारच मुखड्यावर चालतो. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने 1967मध्ये आपल्या बँडच्या संगीतासाठी वापरला. बीटल्सच्या वळणाची गोड चाल, तिला कडक गिटार, एकमेकांत मिसळलेले दोन-तीन गळे आणि तीन-साडेतीन मिनिटांत आटोपणारं गाणं, अशी त्याची घडण. मेम्फिसच्या ‘बिग स्टार’चा पहिला अल्बम 1972चा. समीक्षकांनी तो उचलून धरला, पण वितरणाच्या घोळात तो दुकानांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. तरीही 1991मध्ये स्कॉटलंडच्या ‘टीनेज फॅनक्लब’ने ‘बँडवॅगनेस्क’ काढला, तेव्हा त्यात मेम्फिसचा सूर स्पष्ट ऐकू आला. ‘बिग स्टार’ची मैफल न पाहिलेल्या माणसांनी निव्वळ तबकड्यांवरून ही परंपरा पुढे नेली. न्यूयॉर्ककडच्या ‘लेमन ट्विग्ज’ या भावांचा 2024चा ‘अ ड्रीम इज ऑल वी नो’ त्याच ओळीतला. त्यांची कारागिरी बिनचूक आहे, कधीकधी जरा जास्तच बिनचूक. साठच्या दशकातल्या घराची हुबेहूब प्रतिकृती बांधावी आणि राहायला कुणी जाऊ नये, तसं काही गाण्यांत होतं.

हे सगळं परक्यांचं, वऱ्हाडी कानाला त्याचं काय, असा आक्षेप येणारच. पण तीन मिनिटांचं मराठी गाणं घडवण्यात वऱ्हाडाचाही हात आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रिकेवर आणली आणि भावगीताची वाट रुंद झाली. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. तेवढ्या जागेत मुखडा मनात रुजवायचा, अंतऱ्याने कानाला जरा दूर न्यायचं आणि पुन्हा मुखड्यावर आणून सोडायचं, ही शिस्त त्या मर्यादेतून आली. पॉवर पॉपचीही शिस्त हीच. भावगीत शब्दप्रधान असतं आणि पॉवर पॉपचे शब्द पुष्कळदा पोकळ असतात, हे मान्य. पण मी साम्य सांगतो आहे ते बांधणीचं, आणि बांधणीचा कान भावगीतावर वाढलेल्यांकडे असतोच.

या कसोटीवर मुंबईचे अल्बम वेगळेच दिसतात. 1970 आणि 1971मध्ये एका सिगारेट कंपनीच्या स्पर्धेतून ‘सिमला बीट’च्या दोन एलपी निघाल्या; त्यांत उत्साह अमाप आहे, लक्षात राहणारी चाल मात्र क्वचितच. ‘रॉक मशीन’चा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ 1988चा. परकी गाणी वाजवण्याची चाल रूढ असताना त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, हे श्रेय मोठं. पण ‘इंडस क्रीड’ या नव्या नावाने उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांनी 2012मध्ये दिलेला ‘इव्हॉल्व्ह’ मला अधिक पटतो. गाणी लांबलेली असूनही चालीवरची पकड सुटत नाही. ‘द लाइटइयर्स एक्स्प्लोड’चा 2013चा ‘द रिव्हेंज ऑफ कालिचरण’ याउलट चटपटीत आणि फटकळ.

तरीही मुंबईचं खरं पॉवर पॉप हिंदी सिनेमात गेलं, असं मी म्हणेन. ‘पेंटाग्राम’चा विशाल दादलानी तिकडे संगीतकार झाला, एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा यांच्या गिटार-कीबोर्डला शंकर महादेवनांच्या चालीची जोड मिळाली. 2008चा ‘रॉक ऑन’ कट्टर रॉकवाल्यांना पाणचट वाटला. त्यांचं म्हणणं असं, की बंडखोरी पडद्यावरून विकत मिळत नसते. खरं आहे, पण पॉवर पॉपला बंडखोरीची अट कधीच नव्हती. फरहान अख्तरच्या बेताच्या गळ्यालाही पेलतील असे मुखडे त्यात आहेत, आणि म्हणूनच रंगभवनाचं नावही न ऐकलेल्या गावांत तो अल्बम वाजला.

मराठीची बाजू मात्र लंगडी आहे. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडने संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर चढवले आणि ते जमलं, कारण धृपद आधीच समूहाच्या तोंडी होतं. पण तुकोबांच्या शब्दांना शेकडो वर्षांचं पाठबळ आहे. अकोल्यात क्लासेससाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांच्या बोलीत, दोन गिटार आणि तीन मिनिटांत बसणारं नवं गाणं रचायचं, तर शब्द आणि मुखडा दोन्ही घरचेच लागतील.