खांबांमधलं अंतर

वरळीच्या क्लीव्हलंड बंदरातून होड्या समुद्रात जातात, ती वाट खडकांमधून काढलेली आहे. तिथली ओढ, वाऱ्याची दिशा आणि भरती-ओहोटीच्या वेळा कोळीवाड्यातल्या नाखव्यांना पाठ असतात. मुंबईच्या कोस्टल रोडला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणारा पूल नेमका याच वाटेवर आला. महापालिकेच्या आराखड्यात तिथल्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होतं. कोळ्यांनी सांगितलं, एवढं पुरायचं नाही. खवळलेल्या समुद्रात दोन होड्या एकाच वेळी त्या वाटेवर आल्या आणि वाऱ्यानं त्यातली एक ढकलली, तर ती खांबावर आदळेल. सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पात हा वाद किरकोळ वाटेल. पण शहराचा रस्ता आखताना कुणाला विचारलं जातं आणि कुणाला नाही, हे या वादात लख्ख दिसतं.

या रस्त्याची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीकडे मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास सोपवला गेला. बेटाच्या पूर्व आणि पश्चिम कडेनं वेगवान रस्ते काढावेत, असं तिनं सुचवलं. पश्चिमेकडचा पहिला तुकडा, वांद्रे-वरळी सेतू, खुला व्हायला ३० जून २००९ उजाडला. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये आला. वरळीला सेतू संपला की दक्षिणेकडे निघालेली गाडी पुन्हा पेडर रोडच्या कोंडीत अडकायची. पुढे आणखी एक सेतू बांधायचा की किनाऱ्यालगत रस्ता न्यायचा, हे ठरवण्यासाठी २०११ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी संयुक्त तांत्रिक समिती नेमली. महापालिका आयुक्त सुबोध कुमार तिचे अध्यक्ष होते. समितीनं किनारी रस्त्याचा पर्याय निवडला.

त्यात कायदा आडवा आला. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकता येत नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं अपवादात्मक परिस्थितीत अशा भरावाला मुभा दिली. मे २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये काम सुरू झालं. म्हणजे रस्त्यासाठी देशाचा नियम बदलता आला. कोळ्यांच्या वाटेसाठी आराखडा बदलायला मात्र आणखी चार वर्षं जायची होती.

अभियंत्यांचं कर्तृत्व मोठं आहे, ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटरचा हा रस्ता. त्यासाठी १११ हेक्टर भराव टाकला गेला. गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शिनी पार्क या टप्प्यात मलबार हिलखालून प्रत्येकी सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. १२.१९ मीटर व्यासाच्या ‘मावळा’ या यंत्रानं जानेवारी २०२१ मध्ये खोदाई सुरू केली आणि मे २०२३ मध्ये दुसरा बोगदा पार केला. समुद्रातल्या पुलांसाठी मोनोपाइल तंत्र वापरलं. एका खांबाखाली अनेक पाइल ठोकण्याऐवजी एकच जाड पाइल घातली, की समुद्रतळाची जागा कमी अडते. समुद्राचा विचार करून बांधता येतं, हे या तंत्रानंच दाखवून दिलं.

पण त्या समुद्रावर जगणारी माणसं आपलं म्हणणं घेऊन न्यायालयात उभी होती. वरळी कोळीवाड्यातली नाखव्यांची मच्छीमार सोसायटी याचिकाकर्त्यांपैकी एक होती. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं प्रकल्पाची किनारा नियमन मंजुरी रद्द केली. निर्णयप्रक्रियेत गंभीर त्रुटी आहेत आणि पुरेसा शास्त्रीय अभ्यास झालेला नाही, असं निकालात म्हटलं होतं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावावी लागली. या काळ्या कातळांवर काहीच जगत नाही, असं समजणाऱ्या शहराला त्यामुळे आपला किनारा नव्यानं पाहावा लागला.

खांबांचा प्रश्न तसाच होता. कोळ्यांची मागणी १६० मीटरची होती. पालिका ६० मीटर पुरेसे म्हणत राहिली. तेव्हा कोळ्यांनी होड्या घेऊन समुद्रातलं काम रोखलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं १२० मीटर अंतर मान्य केलं आणि मधला एक खांब आराखड्यातून गेला. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे दोन हजार टनांची धनुष्याकृती कमान न्हाव्याहून बार्जवर लादून आणली आणि खांबांवर बसवली. जानेवारी २०२५ मध्ये हा जोडपूल पूर्ण खुला झाला.

जे २०२४ मध्ये बांधता आलं, ते २०१८ च्या नकाशातही काढता आलं असतं. अडचण तंत्राची नव्हतीच. नाखव्याच्या अनुभवाला माहिती मानायचं की तक्रार, एवढाच प्रश्न होता. तक्रार मानलं म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या, काम अडलं, आराखडा उशिरा बदलला, आणि त्या उशिराचा खर्च करदात्यांवर पडला. लोकांना विचारल्यामुळे प्रकल्प रखडतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. वरळीत न विचारल्यामुळे प्रकल्प रखडला.

हे आत्ता सांगायचं कारण रस्ता उत्तरेकडे निघाला आहे. वांद्रे ते वर्सोवा सेतू, पुढे दहिसर आणि भाईंदर. त्या पट्ट्यात वर्सोवा, मढ, गोराईसारखी मासेमारीची गावं आहेत, खाड्या आहेत, तिवरांची जंगलं आहेत. तिथे खांबांची जागा नक्की करण्याआधी नाखव्यांना होडीतून घेऊन जावं, ओहोटीला आणि पावसाळी वाऱ्यात वाटा कुठून जातात ते नकाशावर उतरवून घ्यावं, आणि तो नकाशा मराठीत जाहीर करून मगच निविदा काढावी. त्याला काही महिने लागतील. साठ वर्षं वाट पाहिलेल्या शहराला ते परवडतात. उभा राहिलेला खांब हलवणं कुणालाच परवडत नाही.