बैलाची फिर्याद

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांत खंडेनवमीला यंत्रं पुजतात, कोहळा फोडतात. ललितापंचमीला टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या, टेकडीवरही कोहळाच फुटतो. पण आषाढातल्या त्र्यंबोली यात्रेत कोंबडं-बकरं पडतंच. देवाला रक्त हवं असतं का, या प्रश्नावर रोमन साम्राज्यात माणसांनी जीव दिले, म्हणून तो इतिहास मला जवळचा वाटतो.

इ.स. 177 च्या सुमारास ख्रिस्ती लेखक अथेनागोरसने सम्राट मार्कस ऑरेलियसला लिहिलं, की विश्व घडवणाऱ्याला रक्त आणि चरबीचा धूर लागत नाही. 250 च्या सुमारास सम्राट डेशियसने हुकूम काढला, प्रत्येकाने देवांपुढे बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. नकार देणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला तुरुंग येई, कधी मरण.

मला सर्वांत भिडतो तो आर्नोबियस. उत्तर आफ्रिकेतल्या सिक्का गावचा हा वक्तृत्वाचा शिक्षक ख्रिस्ती होण्याआधी स्वतःच मूर्तिपूजक होता. इ.स. 300 च्या आसपास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाच्या सातव्या भागात चक्क बैल बोलतो. तो थेट ज्युपिटरलाच विचारतो: अपराध दुसऱ्याचा, मग भरपाई माझ्या रक्ताने का? मलाही श्वास आहे, मलाही पिल्लांची माया आहे. एवढी करुणा त्या काळच्या वादग्रंथांत क्वचितच दिसते.

या ख्रिस्ती लेखकांचा दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. त्यांच्यातल्या जस्टिनसारख्यांनी दुसऱ्यांच्या देवांना सैतानी शक्ती ठरवलं. तिथे संवाद संपतो. 391 मध्ये सम्राट थिओडोसियसने बळी देण्यावर बंदी घातली, म्हणजे कालपर्यंत सक्ती सोसणाऱ्यांच्या हाती आता सक्ती आली.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा क्षुद्र देवतांना दिल्या जाणाऱ्या बळींवरची टीका मराठी कानांना नवी नव्हती. आपल्या संतांनी ती कधीच केली होती. पुढे गाडगेबाबांनी (1876–1956) ती कीर्तनातून गावोगाव नेली. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आर्नोबियसच्या बैलाला यापेक्षा चांगला वकील मिळाला नसता.

तरीही मांढरदेवीच्या डोंगरावर पशुबळी थांबवण्याची पावलं पडली, ती जानेवारी 2005 च्या चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे भाविक गेल्यानंतर.