खेळतां खेळतां बंद पडणारा संगणक

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील अनेक घरांत मुलगा खेळांत रंगला असतां संगणक अकस्मात् बंद पडतो आणि दोष मुलाच्या माथीं येतो. वस्तुतः लेखनवाचनास यंत्राला थोडीच वीज लागते; खेळांत मात्र प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हीं दोन्ही एकदम राबतात, आणि एरवीं लपलेलें वैगुण्य उघडें पडतें.

प्रथम लक्षण पाहावें. सारें यंत्रच विझलें, तर पॉवर सप्लाय अथवा उष्णता यांचा संशय घ्यावा. केवळ खेळच मिटला, तर ड्रायव्हर, खेळाच्या फाइली किंवा रॅम यांचा. आपल्या वैशाखांत खोलीची हवाच तापलेली असते. प्रोसेसरचें तपमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्यास मुख्य स्विच बंद करून पंख्यांतील धूळ काढावी. रॅमची परीक्षा मेमटेस्टनें रात्रभर करावी. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांत अतिरिक्त व्होल्टेजचा दोष कंपनीनेंच २०२४ सालीं मान्य केला. बायॉसमधील दुरुस्तीनें पुढील हानि टळते, झालेली भरून येत नाहीं.

एका वेळीं एकच बदल करावा. दोन केल्यास गुण कशानें आला हें कळत नाहीं, आणि नव्या भागाचे पैसे व्यर्थ जातात.